तीन फुप्फुसांचा माणूस : तेनसिंग नोर्गे

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तींची चरित्रे लिहायला गुरुजींनी सांगितले. बहुतेकांनी संत आणि पुढारी घेतले. मी तेनसिंग नोर्गे घेतले. एव्हरेस्टवर प्रथम पोहोचलेल्या दोघांपैकी ते एक, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण इतक्या उंचावर माणसाचे रक्त आणि डोके काम कसे करते, हे मला समजून घ्यायचे होते. म्हणून माझे चरित्र जरा निराळे झाले आहे.

तेनसिंग यांचा जन्म १९१४ सालचा. आईवडील याक राखणारे. तेरा भावंडांत ते अकरावे, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. पाळण्यातले नाव नामग्याल वांगडी; एका लामांनी ते बदलून तेनसिंग नोर्गे केले. लहानपण नेपाळातल्या खुंबू भागात, एव्हरेस्टच्या पायथ्याशी गेले. तिथं शाळा नव्हती. त्यांना लिहितावाचता आले नाही, पण भाषा मात्र कितीतरी बोलत. अठराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून त्यांनी दार्जिलिंग गाठले, कारण मोहिमांसाठी माणसे तिथून घेत. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत त्यांनी एव्हरेस्टवर पहिल्यांदा ओझे वाहिले. पुढे १९३६ आणि १९३८ सालीही गेले.

आता उंचीचे सांगतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तिथं धाप लागते ती चढामुळे. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर. वर हवेतला प्राणवायूचा वाटा तितकाच असतो, पण हवाच विरळ होते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो. शिखरावर तर एका श्वासात इथल्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच प्राणवायू मिळतो. म्हणजे घास तेवढाच, पण त्यात भाकरी थोडी!

मग शरीर काय करते? सखल भागातला माणूस वर गेला की मूत्रपिंडांना प्राणवायूची टंचाई कळते. ती एक द्रव्य सोडतात, आणि त्या हुकमाने हाडांतला मगज जास्त तांबड्या पेशी तयार करू लागतो. याला काही आठवडे लागतात. पेशी वाढल्या की प्राणवायू जास्त वाहून नेता येतो. पण फार वाढल्या तर रक्त काकवीसारखे दाट होते, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि हृदयाला ते ढकलणे जड जाते.

शेर्पांचे इथेच वेगळे आहे. त्यांच्या पेशी आपल्याइतक्या वाढत नाहीत. रक्त पातळच राहते, बारीक रक्तवाहिन्यांतून ते जास्त फिरते आणि स्नायू प्राणवायू काटकसरीने वापरतात. शेर्पांचे पूर्वज तिबेटातून आलेले. तिबेटी लोकांत हा गुण पिढ्यानपिढ्या जनुकांतून येतो, हे शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवले. तेनसिंग यांना तीन फुप्फुसे आहेत असे लोक गमतीने म्हणत. तिसरे फुप्फुस नव्हतेच बरं का, खरी किमया रक्तात होती.

मेंदूचे आणखी कठीण. वजनाने तो शरीराचा पन्नासावा भाग, पण प्राणवायू खातो पाचवा हिस्सा. तो कमी पडला की विचार मंदावतो, आणि विचार मंदावला हे त्या माणसाला कळतही नाही. काहींच्या मेंदूला सूज येते. डोके असह्य दुखते, दारू प्यायल्यासारखे पाय अडखळतात, बोलणे भलतेच होते. यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणे. माझे चुलते फौजेत आहेत. लेहला नेल्यावर त्यांना पहिले काही दिवस नुसते आरामात ठेवले होते. आमची आजी म्हणायची, सरकार बसवून पगार देतं! पण लेह सुमारे ११,५०० फुटांवर आहे, तो आराम म्हणजेच औषध. गावातली किती तरी मुले तिकडे नोकरीला आहेत, म्हणून पालकांनी एवढा भाग नीट वाचावा.

रक्ताची देणगी असली तरी तेनसिंग यांना काही सोपे गेले नाही. १९५२ साली स्विस मोहिमेत ते आणि रेमाँ लांबेर सुमारे ८,४०० मीटरवर एका तंबूत रात्रभर राहिले. स्टोव्ह नाही, झोपायच्या पिशव्या नाहीत. मेणबत्तीवर डब्यात बर्फ वितळवून घोटभर पाणी केले. त्यांची प्राणवायूची यंत्रे चालताना उपयोगाचीच नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ते जवळजवळ ८,६०० मीटरपर्यंत चढले आणि तिथून परत फिरले. मला वाटते, त्या विरळ हवेत परत फिरायचे सुचणे हेच मोठे. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा गेले, पुन्हा परतले.

१९५३ ची मोहीम त्यांची सातवी. नेते जॉन हंट होते. बरोबर ग्रिफिथ पघ नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. उंचावर श्वासावाटे शरीरातले पाणी फार जाते, म्हणून रोज तीन-चार लिटर पातळ पदार्थ पोटात गेलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून स्टोव्ह आणि इंधन वरच्या तळांपर्यंत नेले. आदल्या वर्षी मेणबत्ती, यंदा स्टोव्ह! २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास तेनसिंग आणि एडमंड हिलरी शिखरावर पोहोचले. पंधरा मिनिटे थांबले. मुलगी निमा हिने दिलेली पेन्सिल तेनसिंग यांनी खाऊबरोबर बर्फात पुरली. शिखरावरचा प्रसिद्ध फोटो त्यांचा आहे, हिलरींनी काढलेला.

१९५४ साली दार्जिलिंगला गिर्यारोहण शिकवणारी संस्था निघाली. पंडित नेहरूंनी त्यात लक्ष घातले होते. तेनसिंग तिथे प्रशिक्षणाचे प्रमुख झाले आणि त्यांनी शेकडो मुलामुलींना चढायला शिकवले. १९५९ साली पद्मभूषण मिळाले. एव्हरेस्टवर ते पुन्हा गेले नाहीत. ९ मे १९८६ रोजी दार्जिलिंगला त्यांचे निधन झाले. दहा वर्षांनी, १९९६ साली, त्यांचा मुलगा जामलिंग एव्हरेस्टवर चढला.