विकृतिशास्त्राचार्य डॉ. वसंत रामजी खानोलकर

आपल्या समाजाचे नाव निघाले की लोकांच्या ओठांवर प्रथम गायकांची आणि नटांची नावे येतात. हे योग्यच आहे. त्या नावांचा आम्हांस अभिमान आहे व आपल्या मुलाबाळांना ती तोंडपाठही आहेत. परंतु ज्यांचे कार्य टाळ्यांच्या कडकडाटात झाले नाही, परळच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून ज्यांनी आयुष्य वेचले, अशा थोर पुरुषाचे नाव आपल्याच घरांतील तरुणांना ठाऊक असू नये, ही गोष्ट आम्हांस बोचत आली आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी आपल्या समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम्. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. एवढी पदवी हाती असलेल्या माणसास मुंबईत स्वतःचा दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. खानोलकरांनी तो मार्ग पत्करला नाही. प्रथम ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. हे दुसरे कॉलेज आणि त्यास जोडलेले के. ई. एम्. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. तेथील अध्यापक हिंदी असावेत, अशी अट देणगीदारांनी घातली होती. हिंदी माणूस रोग्यास औषध देईल, पण रोगाचे मूळ शोधण्याचे काम गोऱ्या साहेबाचेच, अशी समजूत असलेल्या त्या काळात ही अट किती मोलाची होती, हे निराळे सांगावयास नको. त्या अटीचे सार्थक करून दाखविणाऱ्या मंडळींत खानोलकरांची गणना होते.

विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे कोण, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. रुग्णालयात रोगी ज्यास क्वचितच पाहतो, असा हा डॉक्टर असतो. शस्त्रवैद्य गाठीचा तुकडा काढतो व तो बाटलीत घालून प्रयोगशाळेकडे धाडतो. तेथे त्या तुकड्याचे कागदाहूनही पातळ काप काढतात, ते रंगवितात, काचपट्टीवर बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गाठ साधी की घातक, याचा निवाडा तेथे होतो. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून मृत्यूचे खरे कारण सांगण्याचे कामही त्याचेच. सार्वजनिक रुग्णालयात नाना प्रकारचे रोगी येतात आणि एखादा असाही येतो की ज्याचा रोग पुस्तकातील कोणत्याच वर्णनाशी जुळत नाही. अशा रोग्यास अपवाद म्हणून बाजूला सारणे सोपे असते. खानोलकरांची दृष्टी मात्र अशाच रोग्यापाशी थबकत असे.

१९४१ सालच्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा खानोलकरांकडे आली. हिंदुस्थानात कर्करोग फारसा होत नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग आहे, असा समज तेव्हा पुष्कळांचा होता. रुग्णालयाची दारे उघडताच तो समज किती पोकळ होता हे दिसून आले. तोंडाच्या कर्करोगाचे रोगी तर रांगेने येऊ लागले. रुग्णालय सुरू होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, १९४४ साली, एकापाठोपाठ एक आलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या १००० रोग्यांचा अभ्यास खानोलकरांनी अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

निवडून घेतलेल्या रोग्यांवरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून आलेला प्रत्येक रोगी क्रमाने जमेस धरावयाचा, ही ह्या अभ्यासाची शिस्त होती. गाठ जिभेवर आहे, गालाच्या आत आहे की घशाशी, याच्या जोडीला रोग्याचा समाज कोणता, तो काय चघळतो, काय ओढतो, हेही त्यात पाहिले गेले. गिरणगावात ही विचारपूस फार महत्त्वाची होती. कापसाच्या पेवात ठिणगी पडू नये म्हणून गिरणीत विडी ओढण्यास मनाई असे. त्यामुळे पाळीवरचा कामगार चुना-तंबाखूची गोळी गालात धरून काम करी. घरोघरच्या बायका दातांना मिशरी लावीत. कोणी पानाचा विडा गालात ठेवून निजत. ह्या साऱ्या गोष्टी इतक्या नित्याच्या होत्या की त्या रोगाचे कारण असू शकतील, असे कोणास वाटतही नसे. गोळी जेथे रोज तासन्‌तास दाबून ठेवली जाते तेथेच बहुधा व्रण उठतो, हे खानोलकरांसारख्या संशोधकांनी दाखवून दिले.

पुढे १९५५ साली डॉ. संघवी व राव ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणखी एक अभ्यास मांडला. ह्या वेळी कर्करोग झालेल्यांच्या सवयी हा रोग नसलेल्यांच्या सवयींशी ताडून पाहण्यात आल्या. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा, तर विडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाशी व घशाकडे होणारा कर्करोग अधिक आढळला. एकाच पानाची दोन रूपे, आणि त्यांचे घाव दोन जागी!

विलक्षण रोग्यांकडे पाहण्याची त्यांची रीत १९४५ सालच्या एका निबंधात उत्तम दिसते. डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या ह्या निबंधात लोकरूढींतून उद्‌भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले होते. त्यांतील एक धोतराचा कर्करोग म्हणून जगभरच्या वैद्यकग्रंथांत जाऊन बसला आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट धोतर कसल्याने कमरेची कातडी घासते, काळवंडते, निबर होते, तिला चिरा पडतात आणि क्वचित् एखाद्याच्या त्या जागी न भरणारा व्रण होऊन त्याचे कर्करोगात रूपांतर होते. असे रोगी थोडेच असत. परंतु धोतरासारख्या निरुपद्रवी वस्त्राचाही माग काढावा, असे वाटणारा डॉक्टर त्यांना भेटला, म्हणून ते जगास कळले. पुढील काळात साडीच्या आतील परकराच्या नाड्याने तसाच व्रण झालेल्या स्त्रियाही मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदविल्या आहेत. नाडा रुंद असावा व त्याची जागा अधूनमधून बदलावी, एवढीशी काळजी पुरेशी असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत विशेष अगत्याने छापले पाहिजे, तिच्याकडे वळतो. खानोलकर रोग्यास त्याचा समाज विचारीत, याचे कारण मुंबईतील निरनिराळ्या समाजांत कर्करोगाची ठिकाणे निरनिराळी दिसत होती. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी; हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचाच फार. असे आकडे पाहून कोणीही घाईने म्हटले असते की रोग रक्तातच आहे, ज्याची जात तसे त्याचे प्राक्तन. खानोलकरांनी ही घाई केली नाही. रक्तात काय आहे, ते त्यांनी प्रत्यक्ष तपासावयास घेतले. डॉ. संघवी यांच्यासह मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा त्यांनी अभ्यास केला. तो १९४९–५० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांत समाजासमाजांतील जे भेद दिसतात ते प्रमाणाचे असतात. कोणताही रक्तगट एकाच जातीची मिरास नसतो. त्याच परळात १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या कोणत्याही गटाशी न जुळणारे रक्त शोधून काढले. ते आज बॉम्बे रक्तगट म्हणून जगास ठाऊक आहे. त्यासही नाव मिळाले ते शहराचे, कोण्या जातीचे नव्हे.

मग समाजासमाजांत रोग निराळे का? लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, अंगावर पाजण्याची चाल, स्वच्छतेच्या सोयी, पानतंबाखूचा षोक ह्या गोष्टी समाजागणिक भिन्न असत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे त्या रक्तातल्यासारख्या भासत, इतकेच. याचा पडताळा पुढे काळानेच दिला. मुंबईत १९६३ साली देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या नोंदींत गर्भाशयमुखाचा कर्करोग दशकागणिक घटत गेला व स्तनाचा कर्करोग वाढून मुंबईच्या स्त्रियांत अग्रस्थानी आला. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. राहणी बदलली, लग्ने उशिरा होऊ लागली, मुले कमी झाली. खानोलकरांच्या केसपेपरावरील समाजाचा रकाना शेवटी जातीपेक्षा चालीरीतीच अधिक सांगत होता, आणि चालीरीती माणसास बदलता येतात. जन्माने मिळालेल्या नावाचा पुष्कळ अभिमान आणि पुष्कळ अवहेलना ज्या समाजाच्या वाट्याला आली, त्याच्या एका सुपुत्राने हा धडा शास्त्राच्या भाषेत शिकवावा, याचे मोल आम्हांस फार वाटते.

कुष्ठरोगावरील त्यांचे कार्यही त्याच तोडीचे आहे. ह्या रोगाचा डाग दिसताच माणसास घराबाहेर काढण्याची क्रूर रीत तेव्हा सर्रास होती. खानोलकरांनी अगदी आरंभीच्या डागांचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि रोगजंतू कातडीतील बारीक मज्जातंतूंत फार लवकर शिरतात, हे दाखविले. १९५१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. आधी बधिरपणा व मागाहून विद्रूपता का येते, याचा उलगडा त्यातून होतो. हातपाय वाकडे होण्यापूर्वीच रोग ओळखला पाहिजे, ही शिकवणही त्यातूनच मिळते. १९५८ साली त्यांच्या संस्थेत कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढविण्यात आला. तोच खरा कुष्ठजंतू काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद राहिले, आणि कुष्ठजंतू कृत्रिम माध्यमात वाढविणे आजपावेतो कोणासही साधलेले नाही. तथापि त्या जंतूपासून पुढे लस तयार करण्याचे प्रयत्न झाले. आज बहुविध औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो. तरीही डाग लपविणारी घरे आहेतच.

१९५२ साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तेथे त्यांनी माणसे घडविली. डॉ. कमल रणदिवे ह्या त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाल्या व पुढे ऊतिसंवर्धनाच्या क्षेत्रात नामांकित झाल्या. त्या काळी प्रयोगशाळेत स्त्रियांना बरोबरीने वाव देणे, त्यांचे नाव निबंधावर आपल्या नावाशेजारी छापणे, ही सामान्य गोष्ट नव्हती. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत त्यांनी भारताच्या वतीने काम केले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही त्यांचा गौरव केला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांची संस्था आधीच टाटा मेमोरियल केंद्रात विलीन झाली होती. पुढे तिचे संशोधनकार्य खारघर येथे हलले आणि आजही चालू आहे.

थोरांचे चरित्र वाचून हात जोडणे सोपे आहे. त्यांनी सांगितलेले आचरणात आणणे अवघड. आपल्या घरी मंगलकार्य असले की तबकात विडा हवाच, हळदीकुंकवास सुपारी हवीच. ह्या रीतींविषयी आमच्या मनात अनादर नाही. परंतु तंबाखूविरहित पानसुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला आहे. तेव्हा विडा देवापुढे ठेवावा, ओटीत घालावा. गालात धरण्याची सवय मात्र पुढच्या पिढीस लावू नये. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर मीठपाण्याच्या गुळण्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांस दाखवावे. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस द्यावी. कातडीवर बधिर डाग आढळल्यास सोयरीक मोडेल ह्या भयाने तो लपवू नये.

परळच्या त्या प्रयोगशाळेत काचपट्टीवर येणाऱ्या तुकड्यास जात नव्हती. असल्या तर सवयी होत्या, आणि वेळेवर ओळखल्यास सुटकेची आशा होती. आपल्या समाजातील जी मुले-मुली आज वैद्यकाचे शिक्षण घेत आहेत, त्यांतून एखादा तरी खानोलकरांच्या वाटेने जावो, अशी प्रार्थना करून आणि त्या ज्ञानतपस्व्याच्या पवित्र स्मृतीस आम्हां सर्वांचे वंदन अर्पण करून हा लेख पुरा करतो.