कुंभ्याचे झाड व डॉक्टर कॅरी

भोर व वेल्हे ह्या भागांतील डोंगरउतारांवर वाढणारे कुंभ्याचे झाड आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. राब भाजण्यासाठी त्याच्या फांद्या आपण तोडतो. परंतु वनस्पतिशास्त्रात त्याला केरिया असे नाव आहे व ते डॉक्टर विल्यम कॅरी ह्यांच्या सन्मानार्थ दिले आहे, हे थोड्यांस ठाऊक असेल.

कॅरी ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील एका खेड्यात, विणकराच्या घरी झाला. बालपणी त्यांची खोली पाखरे व किडे ह्यांनी भरलेली असे. पुढे ते जोडे शिवण्याचा धंदा शिकले. १७९३ साली ते बंगालात आले व १८०० पासून कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरी राहिले. तेथूनच त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश व १८११ साली नवा करार छापविला. वैजनाथ पंडित त्यांचे साहाय्यक होते.

इतकी कामे असताही कॅरी आपली बाग विसरले नाहीत. त्यांचे एकांतातील मनन व प्रार्थना तेथेच होत असे. त्यांचे स्नेही रॉक्सबर्ग ह्यांनी कुंभ्यास त्यांचे नाव दिले. रॉक्सबर्ग वारल्यावर त्यांचा वनस्पतींवरील ग्रंथ कॅरींनी छापून पूर्ण केला. १८२३ च्या महापुरात बाग बुडून उद्ध्वस्त झाली. त्या वेळी कॅरी आजारी होते. तरी बरे होताच त्यांनी पुन्हा लावणी आरंभिली. अखेरच्या दुखण्यात आपल्या मागे बागेत गुरे शिरतील ह्या विचाराने ते खिन्न झाले, तेव्हा मार्शमन ह्यांनी बाग राखण्याचे त्यांस वचन दिले, असे सांगतात. ९ जून १८३४ रोजी ते निवर्तले.

प्रिय बंधुभगिनींनो, श्रीरामपूरची ती बाग आपणांपासून फार दूर आहे, परंतु कुंभा आपल्या बांधावरच उभा आहे. उन्हाळ्याच्या आरंभी त्याची मोठी फुले रात्री उमलतात व मधासाठी वटवाघळे येतात. पहाट होताच फुले गळून पडतात. जाड सालीमुळे तो वणव्यातूनही पुष्कळदा वाचतो, परंतु कोयत्यापुढे त्याचे काही चालत नाही. राबास पालापाचोळा लागतोच, हे आम्ही जाणतो. तथापि प्रत्येक घराने परसात वा बांधावर एक कुंभा न छाटता राखावा, कुंपणाची करवंदे राहू द्यावी व चैत्र-वैशाखात पाखरांसाठी परळात पाणी ठेवावे, अशी आमची विनंती आहे.