वेदना निजविणारे वैद्य : सर जेम्स यंग सिम्प्सन

मनुष्याच्या यातना हलक्या करणाऱ्या थोर वैद्यांत सर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांची गणना होते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास भूल देणे ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी ती नव्हती ह्याचा आपणांस विसर पडतो. दोनशे वर्षांपूर्वी कोणाचा पाय कापावयाचा झाल्यास त्यास अफू अथवा मद्य पाजीत, चार धट्टेकट्टे पुरुष त्यास धरून ठेवीत, आणि शस्त्रवैद्य होईल तितक्या झपाट्याने आपले काम उरकी. रोगी मात्र सर्व वेळ शुद्धीवर असे. ही स्थिती पालटविण्यात सिम्प्सन ह्यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या औषधाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण तर आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच घडले.

सिम्प्सन ह्यांचा जन्म ता. ७ जून १८११ रोजी स्कॉटलंडातील बाथगेट ह्या लहानशा गावी झाला. वडिलांचा धंदा पाव भाजून विकण्याचा. घरची स्थिती बेताची. सात भावांत जेम्स धाकटे. ते नऊ वर्षांचे असताना आई निवर्तली व वडील बहिणीने त्यांचा सांभाळ केला. धाकट्याची बुद्धी तीव्र आहे हे ओळखून साऱ्या कुटुंबाने पोटास चिमटा घेतला आणि चौदाव्या वर्षी त्यांस एडिंबरोच्या विद्यापीठात धाडले. तेथे एका गरीब स्त्रीवर चाललेली शस्त्रक्रिया पाहून त्यांचे काळीज इतके हेलावले की, वैद्यकी सोडून कचेरीत कारकुनी पत्करावी असे त्यांच्या मनाने घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. पण ते परतले. यातना पाहवत नाहीत म्हणून पळून जाण्यापेक्षा त्यांवर उपाय शोधणे बरे, असा त्यांचा निश्चय झाला. १८३२ साली त्यांनी वैद्यकाची वरिष्ठ पदवी मिळविली, आणि १८४० साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, केवळ एका मताच्या आधिक्याने ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक निवडले गेले.

ता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी मॉर्टन ह्यांनी ईथर हुंगवून रोग्यास भूल दिली व ती वार्ता सर्वत्र पसरली. पुढील जानेवारीतच सिम्प्सन ह्यांनी बाळंतपणात ईथर वापरले. परंतु त्याचा वास उग्र, घशास त्रासदायक आणि मात्राही पुष्कळ लागे. म्हणून ते अधिक चांगल्या द्रव्याच्या शोधास लागले. रात्री जेवण झाल्यावर ते व त्यांचे सहकारी कीथ आणि डंकन हे निरनिराळी द्रव्ये पेल्यांत ओतून स्वतःच हुंगून पाहत. डेव्हिड वॉल्डी नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्यांस क्लोरोफॉर्म सुचविला. हेच वॉल्डी पुढे कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले. ता. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री तिघांनी तो हुंगला. प्रथम त्यांस हर्ष वाटला, तोंडाची टकळी सुरू झाली आणि थोड्याच वेळात तिघेही बेशुद्ध होऊन कोसळले. शुद्धीवर येताच सिम्प्सन ह्यांनी ओळखले की, शोध लागला! ह्या धैर्याचे कौतुक करावे, अनुकरण मात्र कोणी करू नये. थोडी मात्रा अधिक होती तर तिघांपैकी एकही उठला नसता. थोड्याच दिवसांत त्यांनी बाळंतिणीस क्लोरोफॉर्म दिला, आणि ता. १० रोजी वैद्यांच्या सभेत आपला अनुभव निवेदन केला.

बाळंतवेणा ईश्वराने लावून दिल्या आहेत, त्या हरण करू नयेत, असा आक्षेप निघेल हे जाणून सिम्प्सन ह्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका लिहिली. ईश्वराने आदामाची फासळी काढण्यापूर्वी त्यास गाढ निद्रा आणली, ह्या उत्पत्तीतील कथेकडे त्यांनी बोट दाखविले. धर्मोपदेशकांनी मोठा विरोध केला अशी समजूत रूढ आहे. पण अलीकडील संशोधकांच्या मते तो विरोध थोडाच होता आणि खरा वाद वैद्यावैद्यांतच होता. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने प्रसूतिसमयी क्लोरोफॉर्म घेतल्यावर लोकांची भीती पुष्कळ ओसरली.

परंतु दुसरी बाजूही होती. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यापुरता क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. पुढे असे मृत्यू अधूनमधून घडत राहिले. ते का घडतात ह्याचा उलगडा होण्यापूर्वीच, ता. ६ मे १८७० रोजी, सिम्प्सन ह्यांचे देहावसान झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाचा मान देऊ केला असताही कुटुंबियांनी त्यांस एडिंबरोतच मूठमाती दिली.

तो उलगडा करण्याचा प्रयत्न हैदराबादेस झाला. १९४८ पर्यंत आपले वडीगोद्री निजामाच्याच राज्यात मोडे. तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे एडिंबरोचेच विद्यार्थी. त्यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन चौकशीमंडळे बसली. दुसऱ्यासाठी निजाम मीर महबूब अली खान ह्यांनी एक हजार पौंड दिले आणि लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी ह्यांनीही ह्या कार्यात भाग घेतला. जगातील पहिल्या भूल देणाऱ्या स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते. शेकडो जनावरांवर प्रयोग करून मंडळाने निर्णय दिला की, आधी श्वास थांबतो, मग हृदय. म्हणून श्वासावर लक्ष ठेवावे म्हणजे भय नाही.

श्वासावर लक्ष ठेवावे हा उपदेश चांगलाच होता. पण भय नाही हे म्हणणे खोटे ठरले. १९११ साली लेव्ही ह्यांनी दाखविले की, भूल अर्धवट असताना, विशेषतः भेदरलेल्या रोग्याचे, हृदय एकाएकी विस्कळीत फडफडून थांबू शकते. पुढे अधिक निर्धोक औषधे निघाली व क्लोरोफॉर्म मागे पडला.

ह्याचे मर्म असे की, भूल ही झोप नव्हे. झोपेत मेंदू आपल्या क्रमाने रात्रीतून अनेकदा हलक्या व गाढ निद्रेतून फिरतो. नाव घेऊन हाक मारली किंवा चिमटा काढला तर आपण जागे होतो. इंद्रियांची दारे लोटलेली असतात, त्यांस कुलूप नसते. भुलेत औषध ते कुलूप लावते, आणि मात्रा वाढल्यास श्वास व हृदय ह्यांचेही द्वार बंद करू शकते. म्हणून भूल देणारा डॉक्टर रोगी जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी बसून असतो.

विद्यार्थिमित्रहो, सिम्प्सन ह्यांच्या ठायी करुणा होती व धाडसही होते. त्यांच्या हातून जे अपुरे राहिले ते पुढच्या पिढ्यांनी चिकाटीने आणि चुका सुधारीत पुरे केले. दयेने शोधाचा आरंभ होतो. परंतु त्या शोधावर रोग्याने निर्धास्त डोळे मिटावे, एवढा विश्वास पुन्हा पुन्हा पारखून घेतल्यानेच येतो.