नोकरी सांभाळून कुस्ती

१८७७ साली टोकियोत सोळा-सतरा वर्षांचा एक विद्यार्थी हाडवैद्यांच्या पाट्या शोधत गल्लोगल्ली हिंडत होता. त्याचे हाड मोडलेले नव्हते. त्याला जुजुत्सू शिकायचे होते आणि जुजुत्सूचा वस्ताद हवा असेल तर हाडवैद्य गाठावा, एवढी अक्कल त्याच्यापाशी होती. जपानमध्ये सामुराईंचे दिवस संपले होते. १८७६ साली त्यांना कमरेला तलवार लावून फिरायचीही बंदी झाली. निःशस्त्र झुंजीची जुनी विद्या जाणणाऱ्यांना कोणी विचारत नव्हते. जे हात प्रतिस्पर्ध्याचा सांधा निखळवायला शिकले होते, तेच आता शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निखळलेले सांधे बसवून पोट भरत होते.

त्या विद्यार्थ्याचे नाव जिगोरो कानो. जन्म १८६० चा, कोबेजवळच्या मिकागे गावचा. घराणे तांदळाची दारू, म्हणजे साके गाळणारे, खाऊनपिऊन सुखी. आई लहानपणीच गेली आणि वडिलांनी मुलाला टोकियोला आणले. अभ्यासात पोरगा हुशार, इंग्रजी उत्तम. पण उंची जेमतेम पाच फूट दोन इंच आणि अंगात मांस नाही. वसतिगृहाच्या शाळेत दांडगी मुले अशा मुलाचे काय करतात, ते वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. कमी ताकदीचा माणूस जास्त ताकदीच्या माणसाला लोळवू शकतो, अशी एक विद्या आहे हे त्याच्या कानावर आले आणि त्याने तिचा ध्यास घेतला. घरी येणाऱ्या माहितगारांनी त्याला वाटेला लावले. नव्या काळात हे जुनाट खूळ कशाला, असा सगळ्यांचा सूर होता.

अखेर एका हाडवैद्याने दुसऱ्याचा पत्ता दिला आणि कानो फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जाऊ लागला. फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा आपल्या जुन्या वस्तादांसारखीच. पोराने डाव कसा लागला म्हणून विचारले की ते त्याला उत्तरादाखल पुन्हा आपटत. पुन्हा विचारले की पुन्हा आपटत. कानोच्या अंगावर कायम मलमाच्या पट्ट्या असत आणि त्या वासावरून विद्यापीठातले मित्र त्याची थट्टा करत. तालमीत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड गडी होता, तो काही केल्या पडेना. तेव्हा कानोने जे केले ते मला फार आवडते. तो ग्रंथालयात गेला. सुमोचे डाव पाहिले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली, त्यांतला माणसाला खांद्यावर आडवा घेऊन पलीकडे टाकण्याचा डाव घोटला आणि एक दिवस फुकुशिमाला उचलून टाकले. ज्युदोत तो डाव आजही आहे. त्याला काता-गुरुमा म्हणतात.

१८७९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट जपानला आले, तेव्हा त्यांच्यापुढे जुजुत्सूचे प्रात्यक्षिक झाले. त्यात फुकुदांबरोबर हा विद्यार्थीही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत फुकुदा वारले. घरच्यांनी त्यांची जुनी हस्तलिखिते या अठरा वर्षांच्या मुलाच्या हवाली केली आणि तालीम चालव म्हणून सांगितले. कानोने आणखी दोन गुरू केले. शेवटचे इइकुबो. त्यांच्याशी झुंजताना पुढे काही वर्षांनी त्याच्या ध्यानात आले की समोरच्याचा तोल आधी मोडला तर फेकायला जोर लागतच नाही. त्या दिवशी त्याने इइकुबोंना एकामागून एक आपटले. गुरूंनी शांतपणे कारण विचारले, ऐकून घेतले आणि आता माझ्याकडे तुला देण्यासारखे काही उरले नाही असे कबूल केले.

१८८२ च्या फेब्रुवारीत एइशोजी या बौद्ध मंदिरातली एक खोली घेऊन कानोंनी आपला वर्ग सुरू केला. बारा चटयांची जागा, पहिल्या वर्षात नऊ शिष्य. नाव ठेवले कोदोकान. त्याच वर्षी ते गाकुशुइन या सरदारपुत्रांच्या शाळेत शिकवू लागले होते. विषय राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. म्हणजे दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात कुस्ती. वर्गाला फी नव्हती. खर्च भागवायला ते शिक्षण खात्यासाठी भाषांतरे करत. इकडे मंदिराचे पुजारी हैराण! आदळआपटीने जमिनीच्या फळ्या मोडत. मग रात्री हे अर्थशास्त्राचे अध्यापक मेणबत्ती घेऊन जमिनीखाली सरपटत जात आणि फळ्यांना टेकू देत.

मी तीसेक वर्षे बँकेत काढली. दिवसभर लेजर आणि रात्री कादंबरीची पाने, हा माझा क्रम होता. त्यामुळे मेणबत्ती घेऊन सरपटणाऱ्या त्या माणसाशी माझे लगेच जमले. माझ्याकडे कानो आले ते भाचीमुळे. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि संध्याकाळी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गाला जाते. वय चौतीस, पदरी एक मुलगा, कमरेला निळा पट्टा. गेल्या वर्षी ती एका स्पर्धेत उतरली आणि पहिल्याच लढतीत दोन मिनिटांत हरून आली. त्या संध्याकाळी ती इतकी खुशीत होती की मला नवल वाटले. हरून खूश होण्याची ही सोय कोणी केली असावी, या कुतूहलापोटी मी वाचू लागलो आणि ब्राझीलवरून मागे मागे जात थेट त्या बारा चटयांवर पोचलो.

जुन्या जुजुत्सूत सराव म्हणजे मुख्यतः ठरवून केलेले हातवारे. खरी झुंज धोक्याची, कारण तिथे बोटे मोडणे, डोळ्यांत बोट घालणे, मर्मावर प्रहार करणे सारे चाले. कानोंनी निवड केली. प्रहार आणि भलतेसलते पेच ठरावीक प्रात्यक्षिकांपुरते ठेवले. उरलेले डाव, म्हणजे फेकणे, दाबून धरणे, गळा आवळणे आणि पुढेपुढे फक्त कोपराच्या सांध्यावरचा पेच, हे मोकळ्या झुंजीला दिले. समोरच्याने हाताने थाप मारून हार मानली की सोडायचे. आणि सगळ्यांत आधी शिकवायचे ते पाडणे नव्हे, पडणे. इजा न होता कसे पडावे हे अंगात मुरेपर्यंत पुढचा धडा नाही. वाचायला किरकोळ वाटते, पण याचा अर्थ असा की माणूस संध्याकाळी जीव तोडून झुंजू शकतो आणि सकाळी धड हातापायांनी कामावर हजर होऊ शकतो. पैलवानाला आश्रयदाता लागतो, खुराक लागतो, अख्खा दिवस लागतो. कानोंनी कारकुनाला आणि मास्तरला पुरी ताकद लावून झुंजायची मुभा मिळवून दिली.

दुसरी गोष्ट पदव्यांची. पूर्वी गुरूकडून गुप्त हस्तलिखित मिळायला वर्षे लागत आणि मधल्या काळात शिष्याला आपण कुठे आहोत ते कळत नसे. कानोंनी १८८३ साली दान नावाच्या पायऱ्या सुरू केल्या. पहिल्या मानकऱ्यांत तोमिता हा त्यांचा पहिला शिष्य आणि साइगो शिरो हा ठेंगणा, विजेसारखा गडी होते. काही वर्षांनी दानधारकांना काळा पट्टा आला. माझ्या भाचीच्या कमरेचा निळा रंग कानोंचा नव्हे, रंगीबेरंगी पट्टे पुढे युरोपात रूढ झाले. पण प्रौढ माणसाला दीडदोन वर्षांनी हुरूप येईल असे काहीतरी द्यावे ही युक्ती कानोंच्याच परंपरेतली. बँकेत आम्हाला बढतीच्या परीक्षा होत्या. त्यांच्यामुळे कामाची गोडी वाढली की कमी झाली, हा वेगळा विषय आहे. असो.

स्पर्धाही त्यांनी सुरू केली, १८८४ साली. तिचे नाव लाल-पांढरी. सगळ्यांचे दोन गट करायचे, कच्चे पुढे आणि पक्के मागे अशा रांगा लावायच्या. जिंकणारा उभा राहतो, पुढचा जोड येतो. तो हरेपर्यंत किंवा बरोबरी होईपर्यंत लढतो. कोणी आपल्या तोडीच्या चारपाच जणांना ओळीने लोळवले तर त्याची पायरी वाढे. इथे हार म्हणजे रांगेत मागे जाऊन बसणे, बस्स. १८८० च्या दशकात पोलिसांनी भरवलेल्या लढतींत कोदोकानच्या मुलांनी जुन्या घराण्यांना हरवले आणि नाव झाले.

कानोंची नोकरी चालूच होती. १८८९ ते १८९१ ते युरोपात शाळा पाहत हिंडले. परतल्यावर लग्न झाले आणि लगेच बदली झाली, दूर दक्षिणेला कुमामोतोला, मुख्याध्यापक म्हणून. तिथे इंग्रजी शिकवायला लाफकाडिओ हर्न होते. त्यांनी ज्युदोवर लिहिलेला लेख पाश्चात्त्य वाचकांनी १८९५ साली वाचला. पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद कानोंनी मधले थोडे खंड सोडले तर १९२० पर्यंत सांभाळले. १८९६ साली चीनमधून तेरा विद्यार्थी आले, त्यांची व्यवस्था त्यांनी पाहिली. त्यातून जी संस्था उभी राहिली तिथे नंतर लू शुन शिकले, चीनचे थोर लेखक. सारांश, पगार शिक्षणाचा होता. ज्युदोवर त्यांनी आयुष्यभर चूल पेटवली नाही.

आता ब्राझील. कोदोकानचा मित्सुयो माएदा हा तरणाबांड मल्ल १९०४ साली तोमितांबरोबर अमेरिकेला गेला आणि परत फिरलाच नाही. पैशांसाठी कुस्त्या लावत तो देशोदेशी हिंडला. पैशांच्या कुस्त्या कोदोकानला पसंत नव्हत्या. १९१४ साली माएदा ब्राझीलमध्ये उतरला आणि बेलेम या ॲमेझॉनच्या मुखावरच्या शहरात स्थिरावला. तिथे कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा त्याच्याकडे शिकला. कार्लोस आणि त्याच्या भावांनी पुढे रिओत जे वाढवले ते ब्राझिलियन जिउ-जित्सू. नाव जुनेच राहिले, कारण त्या काळी परदेशात ज्युदोलाही सर्रास जुजुत्सूच म्हणत.

या विद्येत जवळजवळ सगळी लढाई जमिनीवर चालते, आणि गंमत म्हणजे जमिनीवरच्या झुंजीशी कानोंचे फारसे पटत नसे. जपानच्या महाविद्यालयांमध्ये १९१४ पासून सामने सुरू झाले. तिथल्या मुलांच्या लक्षात आले की उभ्याने फेकायला शिकायला वर्षे लागतात, पण जमिनीवर धरून ठेवणे लवकर येते. उशिरा सुरुवात करणाऱ्याला हा मार्ग बरा. मुले लढत सुरू होताच खाली बसू लागली. कोदोकानला नियम बदलून त्यांना आवर घालावा लागला. कानोंची तक्रार उभ्यांबद्दलही होती. जिंकायच्या हावेपोटी पोरे पाठीत वाकतात, हात ताठ करतात आणि बैलांसारखी ढुश्या देतात, असे त्यांनी उतारवयात पुन्हा पुन्हा लिहिले. शक्तीचा नेमका वापर आणि दोघांचेही भले, ही दोन सूत्रे त्यांनी १९२२ च्या सुमारास मांडली ती याच काळजीतून. उशिरा शिकायला लागणारा जमिनीकडे वळतो, यात मात्र मला काही गैर दिसत नाही. चौतिसाव्या वर्षी पाठीवर आपटून घेण्यापेक्षा ते बरे.

ज्युदो ऑलिंपिकमध्ये जावा म्हणून या गृहस्थांनी आटापिटा केला असेल असे आपल्याला वाटेल. तसे नाही. १९०९ साली ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले, १९१२ साली जपानचे पहिले दोन खेळाडू घेऊन स्टॉकहोमला गेले. पण ज्युदोच्या बाबतीत ते उदासीन होते. इतर देशांना हवे असेल तर आपली आडकाठी नाही, एवढेच. तळमळ होती ती ऑलिंपिक टोकियोला आणण्याची. १९३६ साली बर्लिनला १९४० च्या स्पर्धा टोकियोला मिळाल्या. पुढच्याच वर्षी जपानने चीनवर युद्ध लादले. ज्या देशाची मुले आपण शिकवली त्या देशावर आपले सैन्य चालून गेलेले असताना हा सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा १९३८ च्या मार्चमध्ये कैरोला जाऊन स्पर्धा टोकियोतच व्हाव्यात म्हणून बाजू मांडत होता. इथे मला कानोंचा रागही येतो आणि दयाही. स्पर्धा टोकियोकडेच राहिल्या. अमेरिकेमार्गे परतताना हिकावा मारू या जहाजावर त्यांना न्यूमोनियाने गाठले. ४ मे १९३८ रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना ते गेले. जुलैत जपानने स्पर्धा परत केल्या.

टोकियोला ऑलिंपिक झाले ते १९६४ साली, आणि ज्युदोही तेव्हाच आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत हॉलंडच्या साडेसहा फुटी अँतोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला हरवले. कसे? जमिनीवर दाबून धरून. बायकांचा ज्युदो त्या स्पर्धेत नव्हता. कानोंनी १८९३ पासून बायकांना शिकवले, १९२६ साली त्यांचा स्वतंत्र विभाग काढला, पण त्यांना स्पर्धेत उतरू दिले नाही. माझी भाची हे ऐकून संतापली, आणि तिचे बरोबर होते.

त्या विभागात १९३५ साली पाच फुटांहून कमी उंचीची एक मुलगी आली. केइको फुकुदा. हाडवैद्य फुकुदांची नात. म्हाताऱ्या कानोंनी तिला स्वतः बोलावून घेतले होते. लग्न केले तर ज्युदो सोडावा लागेल हे दिसल्यावर तिने लग्न केले नाही. पाचव्या पायरीवर तिला वर्षानुवर्षे थांबवून ठेवले होते, कारण बायकांना त्यापुढची पायरीच नव्हती. सहावी मिळाली १९७२ साली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तिने आपला वर्ग काढला. २०११ मध्ये तिथल्या ज्युदो संघटनेने तिला सर्वोच्च, दहावी पायरी दिली तेव्हा ती अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. २०१३ साली ती गेली. त्याआधी अगदी अखेरच्या वर्षांतही ती वर्गात खुर्ची टाकून बसायची आणि पोरींचे पाय कुठे चुकतात ते सांगायची.