सावळ्या मरियेचा चित्रकार

कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या गोदाकाठच्या पट्ट्यात सप्टेंबर महिना उजाडला की हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची चाहूल लागते. ख्रिस्ती भाविकांबरोबर इतर धर्मांचे लोकही मोठ्या संख्येने तिच्या दर्शनाला जातात. येशूच्या मातेला ‘माउली’ म्हणताना कोणालाही अडखळल्यासारखे होत नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात ओवीबद्ध मराठीत छापले गेले, तेव्हापासून शब्दांच्या प्रांतात ख्रिस्ती श्रद्धेने मराठी वेश सहज परिधान केला. रंगरेषांच्या प्रांतात मात्र तसे घडले नाही. तेथे मरियेला साडी नेसविणाऱ्या कलावंताला स्वतःची जन्मभूमी सोडावी लागली. त्या कलावंताचे नाव आंजेलो द फॉन्सेका.

गोव्यातील सांत इस्तेव बेटावर १९०२ मध्ये एका सधन जमीनदार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळच्या प्रतिष्ठित घराण्यांच्या रीतीप्रमाणे वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांना मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात धाडण्यात आले. पण शरीरशास्त्रात त्यांचे मन रमेना. ते सोडून त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट धरली. तेथील पाश्चात्त्य वळणाच्या शिक्षणानेही समाधान झाले नाही, तेव्हा हा गोमंतकीय तरुण थेट बंगालात पोहोचला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या शिष्यवर्गात सामील झाला.

बंगालने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, जलरंगाचे तंत्र. कागद भिजवून त्यावर पातळ रंगाचे थर देणे, ते धुऊन काढणे आणि पुन्हा देणे. जपानी चित्रकारांच्या सहवासातून अवनींद्रनाथांनी घडविलेल्या या पद्धतीने चित्रावर धुक्याची मंद झाक पसरते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची होती. अजिंठ्याच्या भिंती आणि लघुचित्रांची परंपरा हा आपलाच वारसा आहे, ही जाणीव. ती जाणीव एका श्रद्धावान कॅथलिक मनात रुजली, तेव्हा पुढचा प्रश्न अटळ होता. मरिया आपली माता असेल, तर ती आपल्यासारखी का दिसू नये?

गोव्यात परतल्यावर त्यांनी या प्रश्नाचे उत्तर कागदावर उतरविण्यास प्रारंभ केला. डोक्यावर पदर घेतलेली, सावळ्या वर्णाची, अनवाणी मरिया आणि तिच्या मांडीवर तसेच सावळे बाळ. पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या धर्मगुरूंना आणि उच्चभ्रू समाजाला हे रुचले नाही. पवित्र कुटुंबाला हिंदू रूप दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला. वास्तविक इटलीच्या चित्रकारांनी मरियेला फ्लॉरेन्सच्या स्त्रियांची वस्त्रे आणि चेहरे दिले, तेव्हा ते कोणाला खटकले नव्हते. खुद्द गोव्यातील चर्चच्या सोनेरी वेद्यांवरही स्थानिक कारागिरांच्या छिन्नीचा ठसा आहे. ख्रिस्तेतर कलावंतांकडून ख्रिस्ती प्रतिमा करवून घेऊ नयेत, असा नियम १५६७ च्या धर्मपरिषदेला करावा लागला, यातच काय ते आले. फॉन्सेका यांचा अपराध इतकाच, की जे कारागिरांनी नकळत केले, ते त्यांनी जाणीवपूर्वक केले.

आश्रय मिळाला तो पुण्यात, आणि तोही अँग्लिकन पंथीयांच्या आश्रमात. कॅथलिक चित्रकाराला प्रॉटेस्टंट छत लाभावे, हा त्या काळाचा विचार करता नवलाचाच योग. या आश्रमाचे मूळ अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे. नगर येथे मिशनरी असलेले जॅक विन्स्लो हे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या विचारांनी भारले गेले होते. ख्रिस्ताची उपासना भारतीय रीतीने व्हावी, हा टिळकांचा ध्यास पुढे नेण्यासाठी त्यांनी १९२२ मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला आला. व्हेरियर एल्विनही प्रथम भारतात आले ते याच संघात. पुढे ख्रिस्त प्रेम सेवा संघ या नावाने चाललेल्या या आश्रमात फॉन्सेका यांनी आयुष्याचा मोठा काळ चित्रसाधनेत घालविला. टिळकांनी जे अभंगांत साधले, त्याचे दृश्यरूप टिळकांच्याच प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या वास्तूत आकाराला यावे, हा दुवा मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसतो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश जेझुइट इतिहासकार फादर हेन्री हेरास हे त्यांचे खंबीर पाठीराखे. भारतीय ख्रिस्ती कला घडली पाहिजे, या निश्चयाने हेरास यांनी फॉन्सेका आणि अँजेला त्रिंदाद यांच्यासारख्या कलावंतांकडून चित्रे काढून घेतली. १९५१ मध्ये फॉन्सेका यांचा आयव्ही मिनेझिस यांच्याशी विवाह झाला. पुढील काळातील मरियेच्या चेहऱ्यात पत्नीची छाया जाणवते.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सर्व देशांच्या आणि लोकांच्या कलेला चर्चमध्ये स्थान असल्याचे मान्य केले. फॉन्सेका तीन दशके जे करीत होते, त्याला रोमची मान्यता मिळाली. तिचा लाभ घेण्यास फारसा अवधी उरला नव्हता. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची मोजकीच चित्रे प्रार्थनास्थळांच्या भिंतींपर्यंत पोहोचली.

उरलेली शेकडो चित्रे आयव्ही यांनी जवळजवळ चार दशके सांभाळली. विकून टाकण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. २००६ मध्ये त्यांनी हा ठेवा पर्वरी येथील जेझुइटांच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे सुपूर्द केला. ज्या गोव्याने चित्रकाराला बाहेरची वाट दाखविली, त्याच गोव्यात त्यांच्या मरिया परत आल्या. बहुतेक चित्रे कागदावरील जलरंगांची असल्याने प्रखर प्रकाश आणि दमट हवा हे त्यांचे वैरी आहेत. मांडवीकाठच्या हवेत त्यांना जपणे हे सोपे काम नाही.