अंमळनेरच्या वसतिगृहातली ‘श्यामची आई’

‘श्यामची आई’ची गोष्ट कोकणातली, ती सांगणारे साने गुरुजी मात्र घडले जळगाव जिल्ह्यातील अंमळनेरात.

पांडुरंग सदाशिव साने १८९९ मध्ये पालगडला जन्मले. घरावर जप्ती, गरिबी, शिक्षणासाठी वणवण यांत बालपण गेले. १९१७ मध्ये आई वारली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. अखेरची भेटही झाली नाही. ही बोच कायम राहिली.

१९२४ मध्ये ते अंमळनेरला शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुले बाहेर गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कपडे धुऊन ठेवत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. शिक्षा करण्याचा तो काळ. गुरुजींनी आईचा मार्ग धरला. मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ही काढले.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात त्यांनी विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिक तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. त्यात श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना एकेक आठवण सांगतो. ही मांडणी वसतिगृहाच्या जवळचीच.

इतरांना सावरणाऱ्या गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले.