तुकोबांच्या सेतूवरून

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ब्राह्मण कुळात झाला. संस्कृताचे अध्ययन, कवित्व व वक्तृत्व यांची जोड लाभूनही त्यांचे चित्त अस्वस्थच राहिले. गावे पालटली, उद्योग पालटले. तळमळ मात्र शमली नाही. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या शांतीचे मोल जबर होते. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई बालपुत्रासह पंढरपुरी राहिल्या. काही वर्षांच्या विरहानंतर उभयतांचा संसार नगरास पुन्हा मांडला गेला. १९०० साली त्या साध्वीनेही, स्वतःच्या विचाराने, तोच मार्ग पत्करला.

टिळकांनी धर्म पालटला, भक्तीची भाषा सोडली नाही. अभंग-कीर्तनांतूनच त्यांनी ख्रिस्तगुण गायिले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणांशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही त्याचे द्वार मोकळे होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

वाचकहो, ज्या समाजाने त्यांना अंतर दिले, त्याच समाजाच्या अभंगवाणीने त्यांना अखेरपर्यंत सोबत केली. भक्तीचा वारसा असा कोणाला परके करीत नाही.